हरणाबाईच्या डोक्यावरची बत्ती

मित्रांनो, मी एक जुनी गॅसबत्ती आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. म्हाताऱ्या वस्तूंनी डोळ्यांत पाणी आणून आपली कहाणी सांगावी, असा रिवाज आहे. मला ते जमायचं नाही. मी जन्मभर फुसफुसतच जगले, तशीच सांगते.

माझी टाकी पितळेची. कारखान्यात मला घडवली, घासूनपुसून चकचकीत केली आणि गवतात गुंडाळून सांगलीला धाडली. तिथे आप्पासोंनी मला विकत घेतलं. त्यांचं मांडव-बत्तीचं दुकान होतं. लग्नसराईत आम्ही बत्त्या भाड्याने जात असू. टाकीत रॉकेल भरायचं, पंप मारून हवा भरायची, जाळी पेटवायची, की मी सूं सूं करत असा लख्ख उजेड पाडायची की नवरदेवाचा घोडासुद्धा बिचकायचा. “काय बत्ती हाय रं गड्या!” लोक म्हणायचे आणि मी फुगून जायची.

पण मी काही हवेत तरंगत नव्हते. माझ्याखाली एक बाई असायची. तिचं नाव हरणाबाई.

हरणाबाई दिवसा हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायची. तिची लेक जाईही तिथेच कामाला. संध्याकाळी हरणाबाईच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मी. तापलेल्या टाकीची धग तिच्या टाळूला लागायची, रॉकेल मानेवर ठिबकायचं. मान हलवायची सोय नव्हती. पुढे नाचणारे थांबले की थांबायचं, त्यांची हौस फिटेपर्यंत उभं राहायचं. सगळ्यांना उजेड दिला तिनं. पण स्वतः त्या उजेडात निवांत टेकून एखादं लग्न बघावं, हे तिच्या नशिबी कधी आलं नाही.

एकदा भर लग्नसराईत हरणाबाई तापाने फणफणली होती. तरी तिने वरात निभावली. आप्पासो खूश झाले. म्हणाले, “हरणे, तुझ्या जाईच्या लग्नात ही बत्ती माझ्याकडनं. शब्द हाय माझा.” हे मी या कानांनी ऐकलं आहे.

पुढे जाईचं लग्न ठरलं. मुलगा तासगावकडचा, अर्जुना नावाचा, गवंडीकाम करणारा. वेळ वैशाखातली, गोरजाची. तेव्हापासून हरणाबाईच्या पायाला भिंगरी लागली. वखारीतून सुटली की घर सारवायची, कुणाच्या दारचं जातं मागून आणायची, मांडवाला डहाळे कोण आणणार ते बघायची. आणि दुकानात आली की माझी काच पुसता पुसता हे सगळं बोलायची. तिच्याबरोबर रंगूबाई असायची. ती शेजारीण, वखारीतली सोबतीण आणि तीही बत्ती धरणारी.

“बारा म्हयनं हात पिवळं आपलं,” रंगूबाई म्हणायची, “पर जाईची हळद येगळी गं बाई!”

“आन् कंदील न्हाई लावायची मी,” हरणाबाई म्हणायची. “मांडवात बत्ती टांगणार. ही.”

मित्रांनो, तेव्हा माझी जाळी न पेटवताच उजळली असेल.

लग्न तोंडावर आलं आणि एका बड्या बागायतदाराने त्याच संध्याकाळी आपल्या मुलाच्या मिरवणुकीसाठी दुकानातल्या झाडून साऱ्या बत्त्या सांगितल्या. आप्पासोंनी हरणाबाईला बोलावलं.

“हरणे, तुझं बत्तीचं काय जमत न्हाई.”

“आवं मालक, एकच तर मागितली. शब्द दिला व्हता तुमी.”

“दिला व्हता तवा हे गिऱ्हाईक व्हतं का? कंदील लाव की. आन् हे बघ, आक्षता पडल्या की तू बी ये. धराय बाया कमी पडत्यात.”

हरणाबाईच्या हातात माझी काच होती. आपट, बाई, आपट, असं मला ओरडावंसं वाटत होतं. तिने काच जपून जागेवर बसवली.

“माझी लेक नांदाय जाणार त्या दिशी,” ती म्हणाली, “आन् मी लोकांच्या फुडं बत्ती धरू?”

“तेवढीच मदत हुईल तुला, म्हणून म्हणालो.”

मदत! टाकीतलं रॉकेल खवळलं माझ्या. हरणाबाई पायरी उतरून गेली.

त्या संध्याकाळी मी रंगूबाईच्या डोक्यावर होते. रांगेत सगळ्यांत पुढे. मागच्या साऱ्या बायका हरणाबाईच्याच आळीतल्या. जाईच्या लग्नाला ज्यांनी असायचं, त्या परक्याच्या नवरदेवापुढे उजेड धरून चालल्या होत्या. बँड वाजत होता, घोडा ठुमकत होता. वाट आळीच्या तोंडावरून जात होती. रंगूबाई तिथे थांबली. आत डहाळ्यांचा मांडव होता, त्यात दोन कंदील मिणमिणत होते आणि भटजी नवरीला बोलवा म्हणून हाका मारत होते.

“ए, थांबलीस का? सरळ चल!” मागून आप्पासो ओरडले.

रंगूबाई आळीत वळली.

मागच्या बायका जरा घुटमळल्या. मग एक वळली, दुसरी वळली, साऱ्या वळल्या. बँडवाले उजेडामागे आले, घोडा बँडमागे. अंधारात एकटं कोण उभं राहणार? बागायतदाराची अख्खी मिरवणूक हरणाबाईच्या दारात आली. रंगूबाईने मला उतरवून मांडवाच्या मेढीला टांगलं. जाईच्या तोंडावर माझा उजेड पडला.

आप्पासो धापा टाकत आले आणि त्यांनी माझ्याकडे हात घातला. हरणाबाई आडवी आली.

“हात लावू नका. आक्षता पडल्याबिगर बत्ती हलायची न्हाई.”

“कुणाच्या जिवावर बोलतीस गं?”

“माझ्या मानंच्या! एवढी वर्सं तुमचा उजेड तिनंच उभा धरला.”

आप्पासोंनी बायकांकडे बघितलं. एकही हलली नाही. मंगलाष्टका सुरू झाल्या. अक्षता पडल्या तेव्हा हरणाबाई लेकीजवळ, उजेडात, पाटावर बसलेली होती. पण मित्रांनो, ती हसली नाही. ओठ आवळून बसली होती. जे आपणहून मिळायचं ते हिसकावून घ्यावं लागलं, की त्यातली गोडी निघून जाते. हे मला अजून खुपतं.

दुसऱ्या दिवशी आप्पासोंनी तिला आणि रंगूबाईला कामावरून काढून टाकलं. हरणाबाई पुन्हा कधी दुकानाची पायरी चढली नाही. आप्पासोंना बत्ती धरायला दुसऱ्या बायका मिळाल्या. गरज सगळीकडेच असते. मग वीज आली, मांडवांत ट्यूबलाइट आल्या. मला माळ्यावर फेकलं. टाकीला पोचे पडले आहेत, पंप अडकला आहे, काच कधीच फुटली.

जुन्या वस्तू जपा, असं सांगून अशा गोष्टी संपतात. मला जपू नका. भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण लग्नात तुम्ही बेभान नाचत असाल आणि आजूबाजूला भरपूर उजेड असेल, तेव्हा तो कुणीतरी धरून उभं आहे, एवढं ध्यानात ठेवा. तिच्याही घरी कार्य असेल. तिला शब्द देणार असाल, तर पाळा. पाळायचा नसेल तर देऊच नका. ती बिचारी त्या भरवशावर मांडव घालते.