तगरीवरची थुंकी

मी एक जुनी, गळकी झारी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना थोडे गोड बोलावे, असा रिवाज आहे. मला ते जमणार नाही. माझे पोट गंजले आहे आणि बोलणेही तसेच झाले आहे.

माझा जन्म १९४२ सालचा. लढाईमुळे नवा पत्रा मिळत नव्हता, म्हणून नगरच्या एका पत्रेवाल्याने रॉकेलचा रिकामा डबा कापून मला घडवले. डब्यावर हत्तीचे चित्र होते. त्यातला अर्धाच हत्ती माझ्या वाट्याला आला, तोही शेपटीकडचा. राधाकृष्ण वकिलांनी मला कोपरगावला आपल्या बंगल्यावर आणले. तिथे बाग सांभाळायला यशया होता. पुणतांब्याचा ख्रिस्ती माणूस, पन्नाशीचा, मोजके बोलणारा. तो आणि त्याची बायको दीना बागेच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहत.

आमच्याकडे गवत म्हणजे गुरांचा चारा. वकिलांना मात्र साहेब लोकांसारखी खुर्च्या टाकून चहा प्यायला हिरवळ हवी होती. यशयाने उकिडवे बसून हरळीची एकेक काडी लावली आणि आम्ही दोघांनी ती वाढवली. पाहुणे हिरवळ बघून वकिलांची वाहवा करत. यशयाला कोणी काही म्हणत नसे, मग मला कोण म्हणणार? पण तो संध्याकाळी मला पुसून पालथी घालून ठेवायचा. तेवढ्यावर मी खूश होते.

श्रावण लागला की बागेत एक किडा येतो. फिकट हिरवा, तिळापेक्षा थोडा मोठा. कोवळ्या देठाला तोंड लावून रस पितो आणि अंगाभोवती पांढरा फेस करून त्यातच बसून राहतो, म्हणजे ऊन लागत नाही आणि पाखरांनाही सापडत नाही. लांबून वाटते, कोणीतरी झाडावर थुंकले आहे. म्हणून माळी लोक त्याला 'थुंकी'च म्हणत. मोठ्या झाडाचे फार बिघडत नाही, एखादा शेंडा वाकडा होतो इतकेच. हिरवळीवर मात्र पिवळे डाग पडतात. यशया मुळाशी साचलेले वाळके गवत ओढून काढायचा, कारण थुंकी त्यातच वाढते. आणि रोज पहाटे माझ्या तोंडाची जाळी काढून उंचावरून धार धरायचा आणि फेस धुऊन टाकायचा.

१९४६ च्या श्रावणातला एक रविवार. यशया आणि दीना प्रार्थनेला पुणतांब्याला गेले ते दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच परतले, त्यामुळे फेस तसाच राहिला. तो श्रावणी सोमवार. वकिलांच्या पत्नी रतनबाई महादेवासाठी पांढरी फुले काढायला सकाळीच तगरीपाशी आल्या, आणि परडी घेऊन जागच्या जागी थांबल्या.

"यशया! हे काय आहे तगरीवर?"

यशया सरळ माणूस. त्याच्या तोंडून रोजचाच शब्द गेला.

"थुंकी हाय, बाईसाहेब. काल आईतवार हुता, म्हनून धुवायची ऱ्हायली."

झाले! तो एक शब्द आणि त्या माणसाचा घात.

"म्हणजे रोज थुंकतोस आणि रोज धुतोस?" रतनबाई ओरडल्या. "देवाच्या फुलांवर? धर्म बदललास तो बदललास, आता आमचाही बाटवतोस?"

ओसरीवर वकिलांकडे आलेले सात-आठ पक्षकार बसले होते. ते उठून बघू लागले.

"तसं न्हाई, बाईसाहेब. त्या किड्याचं नावच थुंकी हाय. एक काडी घ्या नि फेस बाजूला करा. आत किडा दिसंल."

"तुझी थुंकी मी चिवडू? सोमवारची?"

यशयाने हात जोडले. "माझ्या पनज्याच्या गळ्यात गाडगं बांधलेलं हुतं, बाईसाहेब. थुंकायचं तर त्यात. तवापासनं आमच्या घरात कुनी उघड्यावर थुंकत न्हाई. मी तमाखूसुदिक खात न्हाई."

वकील पायरीपर्यंत आले. कोर्टात साक्षीपुराव्याशिवाय एक शब्द मान्य न करणारा हा माणूस. तगर तिथून दहा पावलांवर होती. ते म्हणाले, "त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. आणखी काय हवं?"

दुपारच्या आत खोली रिकामी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणतात. इथे तर चोर त्यांच्या नाकासमोर रस पीत बसला होता. आणि मित्रांनो, मला जास्त जाळते ते हे, की यशयाच्या खरेपणाचा पुरावा रोज पहाटे मीच धुऊन टाकत होते. एवढे पाणी ओतले मी आयुष्यभर, पण त्या दिवशी एक शब्द ओतता आला नाही.

कोपरगावात त्याचे नाव 'थुंक्या माळी' पडले. एकाही बंगल्याने त्याला पुन्हा फाटकात घेतले नाही. तो पुणतांब्याला परतला आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागला.

बंगल्यावर गोरक्षनाथ नावाचा नवा माळी आला. पुढच्या श्रावणात फेस पुन्हा आला, आणि यशया तर दहा-बारा मैलांवर! वाळके गवत कोणी काढले नव्हते, त्यामुळे निम्मी हिरवळ पिवळी पडली. एका सकाळी फूल तोडताना रतनबाईंच्या बोटांना फेस लागला. त्यांनी हात झटकला. करंगळीवर एक हिरवा किडा चालत होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्यातले पाणी घेऊन त्यांनी तीनदा हात धुतले.

"गोरक्षनाथ, जोरात पाणी मारत जा. किडा आहे हा."

"म्हंजी बाईसाहेब, यशयाबाबा त्ये खरंच बोलले हुते?"

"झालं गेलं," त्या म्हणाल्या. "आता काय दवंडी पिटायची?"

त्या पूजेला निघून गेल्या. मला वाटले, निदान संध्याकाळी निरोप धाडतील. तो निरोप कधीच गेला नाही.

दसऱ्याला बागेत रबरी नळी आली आणि मी अडगळीत गेले. गोरक्षनाथाला काय वाटले कोण जाणे. त्याने मला उचलले आणि एका बाजाराच्या दिवशी पुणतांब्याला नेऊन यशयासमोर ठेवले. यशयाने माझ्यावरून हात फिरवला. खडीने तो हात चिरला होता.

"बाबा," गोरक्षनाथ म्हणाला, "बाईसाहेबांनी किडा बघितला. तुमी खरं हुता."

दीना दारात उभी राहून रडू लागली. यशया रडला नाही.

"त्या वक्ताला ओसरीवर मानसं बसली हुती," तो म्हणाला. "त्यांना सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग मी अजून थुंक्याच हाय."

तो पुढच्याच उन्हाळ्यात गेला. दीना माझ्यात पाणी भरून त्याच्या मातीवर ओतते. मी गळते, म्हणून वाटेतच निम्मे सांडते.

मित्रांनो, माझ्या गळतीला डाग द्या, मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. माझे झाले. एवढेच सांगते, चूक सगळ्यांचीच होते. पण तुम्ही कोणावर चारचौघांत आळ घेतला असेल आणि तो खोटा निघाला, तर त्याच चारचौघांना पुन्हा बोलवा आणि त्यांच्यादेखत माफी मागा. आणि तो माणूस जिवंत आहे तोवरच मागा.