कपाळावरच्या काळ्या कमानी

माझी आई सुमिरा नवऱ्या मुली सजवायची. जावा बेटावरच्या आमच्या इमोगिरी गावाच्या आसपास चाळीस वर्षांत जी लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या मुलींच्या कपाळावर पाएस तिनंच रेखलं. केसांच्या कडेनं उतरणाऱ्या काळ्या कमानी. मधली मोठी, बाजूच्या लहान, कडेला सोन्याची बारीक रेघ. आदल्या दिवशी ती उपास धरायची. त्यासाठीचं काळं मलम घरीच शिजायचं. ते कसं करायचं, हे आजीनं आईला तिची पहिली नवरी सजवायच्या सकाळी सांगितलं होतं, त्याआधी नाही. माझ्या बाबतीतही तसंच व्हायचं होतं. पण मी योग्याकार्ता शहरात चित्रकला शिकायला गेले आणि तिथंच राहिले.

तीन वर्षांपूर्वी, एका लग्नाच्या आदल्या दिवशी, आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. दवाखान्यातून पार्जियेममावशीनं मला फोन लावून आईच्या कानाला धरला.

"कादर, उद्या त्या पोरीचं कपाळ तू कर. उपास माझा झालाय. तुला नुसतं रेखायचंय."

दुसऱ्या दिवशी माझ्या चित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. मी म्हटलं, "आई, मला कुठं येतं ते?"

लहानपणी तिच्या शेजारी बसून केळीच्या पानांवर मी त्याच कमानी गिरवल्या होत्या. तिला ते माहीत होतं. "बरं," एवढंच ती म्हणाली. त्या मुलीला शहरातल्या सलूनवालीनं सजवलं. मी दोन दिवसांनी दवाखान्यात गेले. आईनं तो विषय काढला नाही, पुढंही कधी नाही.

मी एकटी राहते. एक खोली, खिडकीत एक टेबल. गेल्या वर्षी एका पहाटे मी आरशासमोर बसले आणि बाजारातलं मलम घेऊन स्वतःच्या कपाळावर पाएस रेखलं. बिनलग्नाच्या बाईनं ते लावू नये, अपशकुन होतो म्हणतात. एक्केचाळिसाव्या वर्षी कसला अपशकुन आणि कुणाला? वाळायच्या आत मी कपाळावर पांढरं फडकं दाबलं. कमानी कापडावर उमटल्या. मग रोज पहाटे तेच. साठ फडकी झाली, तेव्हा एका कलादालनानं ती ओळीनं टांगली.

उद्घाटनाला गर्दी झाली. लोक फडक्यांपुढं उभे राहून फोटो काढत होते. एकजण म्हणाला, "यातला एकटेपणा फार सुंदर आहे हो." मी हसून मान हलवली. आई आली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी दालनात चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. मावशीच्या खांद्याचा आधार घेत आई उतरली, ठेवणीतली केबाया चोळी घालून.

"पोटात काही नाहीये हिच्या," मावशी म्हणाली. "सकाळपासून नुसतं चल, चल."

आईनं एकेक फडकं पाहिलं. साठच्या साठ. तिला तासभर लागला. मी मागं मागं चालत होते, शाळेत वही तपासायला दिल्यासारखी.

"पहिली वीस वाकडी आहेत," ती म्हणाली. "डावीकडं हात उचलतेस. लहानपणीही उचलायचीस."

"आणि शेवटची?"

"बरी आहेत." मग तिनं नाक फडक्याजवळ नेलं. "मलम दुकानातलं आहे."

"तू कधी सांगितलंच नाहीस ना."

"तू कधी नवरी सजवलीस?"

मी धीर करून म्हटलं, "आता सांग. मी घरी येते. आपण दोघी मिळून करू."

आई बाकावर बसली. लुळा हात तिनं दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

"कुणासाठी? तीन वर्षांत दारात एक पोरगी आली नाही. आणि मला आठवतही नाही गं. झटक्यानंतर गेलं ते. मेण आठवतं, काजळी आठवते. पुढचं नाही."

मावशीनं मान खाली घातली. तिला हे आधीच माहीत होतं. मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी मी डब्यात नवं मलम घालून घरी जाते. मेण, काजळी, कधी कसलासा पाला, कधी सुगंधी तेल. आई वास घेते, नकारार्थी मान हलवते, टेम्पेच्या सोयाबीन-वड्या आणि भात वाढायला सांगते.

गेल्या रविवारी तिनं डबा बराच वेळ नाकाशी धरला.

"यात लवंग नसते," ती म्हणाली.

"मग काय असतं?"

"ते नाही आठवत. पण लवंग नसते."

मी परतीची बस पकडली. खोलीवर येऊन पातेलं घासलं आणि मेण पुन्हा वितळायला ठेवलं.