अठराव्या प्रश्नाचं उत्तर

माझे बाबा, राजाभाऊ, पुण्यात भूगोल शिकवायचे आणि दरवर्षी आसपासच्या शाळांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा घ्यायचे. परीक्षकही तेच. एकोणनव्वद साली, सहावीत असताना, मी अंतिम फेरीत पोचले. अठरावा प्रश्न आला: एडिंबरा आणि ग्लासगो सोडून स्कॉटलंडमधलं एक शहर सांगा. मी ताडकन उत्तर दिलं, "पर्थ!" आमच्याच घरातल्या नकाशाच्या जुन्या पुस्तकात ते ठळक अक्षरांत होतं.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "चूक. पंचाहत्तर साली तिथला कारभार बदलला, तेव्हा पर्थचा शहराचा दर्जा गेला."

एका मार्कानं माझी बक्षिसाची दिल्लीची सहल हुकली. ती कपिल नावाच्या एका शेंबड्या मुलाला मिळाली आणि वर्षभर तो मला लाल किल्ल्याचं वर्णन ऐकवत होता.

मी रडले नाही. पण त्यानंतर बाबांना काही विचारणंच सोडून दिलं. इंजिनिअरिंगला जाऊ का, हे विचारलं नाही, जातेय असं सांगितलं. जर्मनीचंही तसंच. एवढीशी गोष्ट काय धरून बसायची, असं माझा नवरा वेदांग म्हणतो. त्याचं बरोबर आहे. मी धरून बसलेय.

आई गेल्यापासून बाबा दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे जर्मनीत, गेर्लिंगेनला येतात. आता चौऱ्याऐंशीचे आहेत. यंदा ते आले आणि त्याच आठवड्यात माझ्या लेकीच्या, देवश्रीच्या इंग्रजीच्या वर्गात स्कॉटलंड सुरू झालं. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची, जे गाव निघेल त्यावर रेफेराट, म्हणजे वर्गापुढे उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. देवश्रीच्या चिठ्ठीत पर्थ निघालं. मी हसले, दुसरं काय करणार!

रविवारी दुपारी तिनं आजोबांसमोर तालीम केली. बाबा घेवडा निवडत होते, ते ताट बाजूला ठेवून सरळ बसले. तिचं इंग्रजी अजून कच्चं, म्हणून आधी ती जर्मनमध्ये बोलणार आणि मी मराठीत सांगणार, असं ठरलं.

"आल्झो, आजोबा," म्हणजे 'तर, आजोबा', म्हणून तिनं सुरुवात केली. मी सांगत गेले. शेकडो वर्षं लोक पर्थला शहर म्हणत आले. मग दर्जा गेला. गावकऱ्यांनी अर्ज केले, खटपटी केल्या. दोन हजार बारा साली राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, तेव्हा तिनं पर्थला पुन्हा शहर केलं. तसं पत्रच आलं.

"तिला विचार," बाबा म्हणाले, "मधली सदतीस वर्षं ते काय होतं?"

देवश्रीनं खांदे उडवले आणि काहीतरी पुटपुटली.

"म्हणतेय, लोक शहरच म्हणत राहिले. फक्त कागदावर नव्हतं."

बाबांनी घेवड्याची एक शेंग उचलली, मोडली, परत ताटात टाकली. "संध्या, त्या दिवशी स्पर्धेत माझ्या शेजारी मार्क लिहायला शोभनाबाई बसल्या होत्या. त्या माझ्या कानात म्हणाल्या, अजून पुस्तकांतून शहर लिहितात, मार्क द्या. मलाही तेच वाटत होतं."

"मग?"

"दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर दिला असता."

इतकी वर्षं मी समजत होते की माझं उत्तर चुकलं. ते चुकलंच नव्हतं, मी फक्त त्यांची मुलगी होते. खरं तर मला संताप यायला हवा होता. पण समोर बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसानंही हे इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, आणि मला त्यांची फार माया आली. रडूही आलं, ते मी लपवलं नाही.

"कोरा कागद दे," ते म्हणाले. "आणि लाल पेन."

अजूनही मास्तरी असलेल्या अक्षरात त्यांनी लिहिलं: "सन १९८९. अंतिम फेरी, प्रश्न अठरावा. कु. संध्या हिचे उत्तर बरोबर धरावे. गुण एक." खाली 'बाबा' लिहायला त्यांनी पेन टेकवलं, तर मी हात धरला.

"परीक्षक म्हणून सही करा. बाबांनी दिला तर लोक काय म्हणतील?"

ते हसता हसता डोळे पुसायला लागले. मग नीट सही केली, खाली लिहिलं 'परीक्षक'.

देवश्रीनं कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. ती मराठी बोलत नाही, पण कळतं तिला सगळं. या देशात शिक्क्याशिवाय कुठलाच कागद खरा मानत नाहीत, हेही तिला कळतं. "श्टेम्पेल फेल्ट," शिक्का राहिलाय, म्हणत ती आत पळाली आणि लहानपणीचा, हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या चित्राचा शिक्का घेऊन आली. बाबांनी तो शाईवर दाबला आणि सहीशेजारी दोन्ही हातांनी उमटवला.

आमच्या जन्मदाखल्यांच्या, व्हिसाच्या फाइलमध्ये तो कागद आता सगळ्यात वर आहे. त्या दिवशी फाइल बंद करून मी बाबांसमोर बसले आणि त्यांना विचारलं, "बाबा, पर्थ बघायला जाऊ या का?"