चार इंजिनं

पाणी ओतण्याआधी दाजींनी बाटलीचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवलं आणि मगच बाटली तिरकी केली.

विमान हवेत होतं, पण जराही हलत नव्हतं. शेजारच्या ट्रेवरच्या चहावर तरंगसुद्धा नव्हता. विमानाच्या वरच्या मजल्यावरून खाली येता येता संघाची डॉक्टर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. तिने दाजींचा हात पाहिला. तो स्थिर होता. हात स्थिर असूनही माणूस काठ चाचपत असेल, तर त्याला अंतर कळत नसतं. आणि अंतर कळायला दोन डोळे लागतात.

दाजी फुटबॉल संघाचे गोलकीपर. त्यांच्या पुढ्यात बचावाला उभा राहणारा स्टॉपर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा, म्हणून अख्खा संघच म्हणू लागला. सेमीफायनलमध्ये समोरच्या खेळाडूचं कोपर त्यांच्या डाव्या भुवईवर बसलं होतं. तपासणीत त्यांनी एकेक डोळा झाकून तक्ता घडाघडा वाचला होता. झाकायला मात्र त्यांचाच तळहात होता, हे तिला आत्ता खटकलं. बोटांमध्ये फट ठेवायला कितीसा वेळ लागतो?

उद्या फायनल. क्लबने अख्खं जम्बो भाड्याने घेतलं होतं. त्याची ही शेवटची फेरी, उतरल्यावर ते मोडीत जाणार, असं वैमानिकाने सांगितल्यापासून पोरांच्या तोंडाला खळ नव्हता.

"म्हातारबुवा पोचवतील ना रे?"

"तुझ्या आजीला माहेरी सोडायला हेच जायचं म्हणे."

"घाबरता काय?" दाजी म्हणाले. "चार इंजिनं आहेत. एक बंद पडलं तरी चालतं."

सगळे हसले. स्टॉपर हसला नाही.

या संघात गोलकीपरच्या हातात कुणी काही देत नसे. मोजे असोत की मिठाची पुडी, फेकायचं आणि त्याने झेलायचं. मागच्या रांगेतून सेंटर फॉरवर्डने संत्रं फेकलं. "दाजी, घ्या."

मध्येच स्टॉपरचा हात आडवा आला. संत्रं त्याने झेललं.

"ते दाजींचं होतं की रे."

"सोलून देतो. माझी बहीण दिलीय त्यांना, एवढी सेवा नको करायला?"

पुन्हा हशा. डॉक्टरचं लक्ष स्टॉपरच्या जागेकडे गेलं. तो दाजींच्या डावीकडे बसला होता. हल्ली सरावातही तो डावीकडे सरकून खेळायचा आणि प्रशिक्षक त्यावर एका शब्दानेही ओरडत नसत. एरवी ते बुटाची नाडी सुटली तरी ओरडायचे. आज त्यांनीच तिला वरच्या मजल्यावर आपल्या शेजारी बसवलं होतं. "पोरं फार गोंगाट करतात, डॉक्टर." इतक्या वर्षांत तिच्या कानांची काळजी त्यांना पहिल्यांदाच वाटली होती.

ती पुढे झाली. "बघू ते संत्रं."

स्टॉपरने ते नाइलाजाने दिलं. चार पावलांवरून तिने ते अलगद फेकलं. "दाजी."

दाजींची बोटं आधीच मिटली. संत्रं त्यांच्या छातीला लागून मांडीवर पडलं. मागची पोरं एकदम गप्प झाली.

"विमान जुनं आहे ना," स्टॉपर घाईने म्हणाला, "हलतं जरा."

"हलत नाहीये."

ती दाजींच्या उजवीकडच्या रिकाम्या सीटवर टेकली. आवाज खाली आणून म्हणाली, "डाव्याने किती दिसतं?"

"उजेड दिसतो." दाजी हसले. "उजव्याने सगळं दिसतं की. उद्याचा दिवस काढू. मग बघू."

खेळायचं थांबणार कधी असं कुणीही विचारलं, की वर्षभर त्यांचं हेच उत्तर होतं. बघू.

"उद्या उजव्यावर कुणाचा बूट बसला तर?" तिने विचारलं. "विमानाला चार आहेत, दाजी. तुमच्याकडे दोनच होते."



तिने स्टॉपरकडे पाहिलं. "तुझ्या ताईला माहीत आहे?"

स्टॉपर समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिला. "दाजींनी शपथ घातली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, मी बाजू सांभाळतो, एवढी एक मॅच निघून जाईल."

"मी प्रशिक्षकांना सांगू शकते," डॉक्टर दाजींना म्हणाली. "पण मग मी तुम्हाला काढलं असं होईल. तुम्ही सांगा."

जिन्यावर बूट वाजले. प्रशिक्षक कठड्याला धरून खाली उतरले. त्यांनी आधी दाजींकडे पाहिलं नाही, डॉक्टरकडे पाहिलं. मग घसा साफ करून प्रत्येक सामन्याआधीचा तोच प्रश्न विचारला.

"काय दाजी, उद्या तयार?"

दाजींनी मांडीवरचं संत्रं उचललं. ते फेकलं नाही. मेहुण्याचा हात शोधून त्यात ठेवलं.

"राखीव गोलकीपरला बोलवा," ते म्हणाले. "उद्या तो उभा राहील. मी थांबलो."