फाटकाबाहेरचा मलिदा

"नेक्स्ट हाउस! योगा नेक्स्ट हाउस! नॉट हिअर!" नारळाची कवड खोवणीवर टेकवतच सिपोरा ओरडली.

फाटकाशी उभी राहिलेली मुलगी दचकून एक पाऊल मागे गेली.

"आजी, मी मनस्विनी. काल फोन केला होता ना? कल्चरल इव्हनिंगसाठी?"

सिपोराने डोक्यावर सरकवलेला चष्मा खोबऱ्याच्या हातांनी कसाबसा नाकावर ओढला. मराठी मुलगी होती. पाठीवर बॅग, गळ्यात कसलंसं ओळखपत्र.

"ये. कडी वर उचलून ढकल, नाहीतर उघडत नाही. तुला नव्हते ओरडत. ह्या शेजाऱ्यांनी योगाचं दुकान काढलंय आणि तो फोनमधला नकाशा सगळ्या फॉरेनरांना माझ्या दारात आणून सोडतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत योगा, योगा. जयनगरात आयुष्य गेलं, पण एवढी माणसं माझ्याकडे कधी आली नव्हती."

मनस्विनी हसली आणि व्हरांड्याच्या पायरीवर टेकली. पुण्याची होती, मारतहळ्ळीला राहायची, कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीत होती. दाराच्या चौकटीवर तिरक्या ठोकलेल्या मेझूझाचा, प्रार्थनेच्या डबीचा, तिने विचारून फोटो काढला. मग न विचारता विळीचा काढला. मग मुद्द्यावर आली.

"आजी, रविवारी इस्रायलची टीम येतेय. डान्स, फूड, स्टार्टअपवाले, सगळं आहे. पण इंडियन ज्यूइश असं काहीच नाहीये. तर मला ना, मलिदा हवाय. मोठं ताट, गुलाबाच्या पाकळ्या, मधोमध टेबलावर. सुपर दिसेल."

"आणि खाणार कोण?"

"खायला कॅटरर आहे. फलाफल, हमस. मलिदा डिस्प्लेला."

खोवणीवरचा हात थांबला.

"डिस्प्लेला," सिपोरा म्हणाली. "अगं, तो काय साडीच्या दुकानातली बाहुली आहे? नवस फिटला की आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घेऊन करायचा असतो मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. आशीर्वाद म्हणायचा, वाटायचा, खायचा. न खाता नुसता बघायचा मलिदा मी जन्मात ऐकला नाही."

"मग करा ना एखादा छोटासा नवस! रविवारपर्यंत फिटेल असा."

सिपोराला हसू आलं. पोरगी आगाऊ होती, पण तोंडावर बोलणारी होती.

"केलाय. तो फिटला नाही अजून, म्हणून तर करता येत नाही. हा नारळ त्याच्यासाठीच आणला होता. जुना व्हायला लागला म्हणून चटणीला घेतलाय. उद्या दुसरा आणीन. असे किती नारळ झाले, त्या देवाप्पाला विचार. गाडी घेऊन कोपऱ्यावर उभा असतो. माझ्या नवसावर त्याचं घर चाललंय."

नवस नातवाचा होता. इदान. मुलाचा, रूबेनचा, मुलगा. रूबेन तरुणपणीच इस्रायलला, अश्दोदला गेला. तिथल्या बाबू लोकांनी त्याला विचारलं होतं, तू ज्यू कशावरून? इथे बेंगळुरूत लोक सिपोराला विचारत, ज्यू म्हणजे काय, ख्रिश्चन का? दोन्हीकडे उत्तरं देऊन घरातली माणसं थकली होती. नवरा सॅमसन तर उत्तरं द्यायचं सोडून केव्हाच कबरस्तानात जाऊन निजला होता.

इदान सैन्यात गेला आणि लढाई सुरू झाली. रूबेन फोनवर "तो दक्षिणेला आहे" एवढंच सांगायचा. त्या दिवसांत सिपोराने मेझूझावर हात ठेवून नवस बोलला. पोरगा जिवंत परत येऊ दे, मलिदा करीन. पोरगा जिवंत परत आला. सैन्यातून सुटला आणि तिकडची सगळी पोरं येतात तसा पाठीवर पिशवी टाकून भारत बघायला आला. "आधी डोंगरात जाईल, मग येईल तुझ्याकडे," रूबेन म्हणाला. मग म्हणाला, "येईल गं आई." मग नुसतंच, "येईल."

तो आला की त्याला समोर बसवून मलिदा करायचा, असं सिपोराने ठरवून टाकलं होतं. म्हणून पोहे डब्यात होते आणि नारळ चटणीत जात होते.

"मलिदा मिळणार नाही," तिने मनस्विनीला सांगितलं. "पण मी येईन. तिकडची पोरं असणार म्हणालीस ना?"

रविवारी दुपारी मनस्विनीने गाडी पाठवली. हॉलमध्ये निळे-पांढरे फुगे, मोठा पडदा, कानठळ्या बसवणारं गाणं. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर कागद चिकटवला होता: बेंगळुरूचा ज्यू समाज. तो काढून सिपोरा बसली. म्हणजे समाज बसला. समाजाचे गुडघे दुखत होते.

शहरात आणखी दोन-चार घरं होती, पण एक हॉस्पिटलात होतं, एक मुलीकडे मुंबईला होतं आणि एकाशी सॅमसनच्या काळापासून बोलणं बंद होतं. भांडण कशावरून झालं होतं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. तरी ते ती नेमाने पाळत होती.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कुणा कारखानदाराने ठिबक सिंचनाच्या नळ्यांवर भाषण केलं. त्यानंतर पडद्यावर समुद्र, संत्री आणि हसणारे सैनिक दिसले. शेजारची भरजरी साडीतली बाई वाकून म्हणाली,

"तुम्ही इस्रायलच्या का?"

"नागावची. अलिबागजवळ."

"अय्या, म्हणजे मराठीच की!"

"मग आतापर्यंत काय फारसी बोलतेय मी?"

पुढचं सबंध नृत्य बाईंनी फार मन लावून पाहिलं.

नाचणारी मुलं मुळात नाचणारी नव्हतीच. भारत हिंडायला आलेली, मनस्विनीने कुठून कुठून गोळा केलेली. नाच संपल्यावर त्यातली एक घामेजलेली मुलगी अनवाणीच येऊन सिपोराच्या बाजूला बसली आणि फलाफलची बशी पुढे करत इंग्रजीत म्हणाली, "मी नोआ. तुम्ही इथल्या आहात ना? खऱ्या?"

"अजून तरी आहे." सिपोराने पिशवीतून फोन काढला. कारखान्याच्या दवाखान्यात इतकी वर्षं नर्स होती, तिचं इंग्रजी रोखठोक होतं. "हा माझा नातू. इदान. इथेच कुठेतरी फिरतोय. तुम्ही पोरं एकमेकांना ओळखता म्हणतात."

फोटोत गणवेश होता, तासलेलं डोकं होतं, गुळगुळीत हनुवटी होती. नोआने फोटो बोटांनी मोठा केला. मग तिने बशी खाली ठेवली.

"इदान," ती म्हणाली. "आता दाढी आहे त्याला. केस इथपर्यंत." तिने खांद्याला हात लावला. "हंपीला आमच्याबरोबर होता. बेंगळुरूहून एकाच बसने गेलो."

"बेंगळुरूहून?"

"हो. त्याआधी इथे होता, काही दिवस."

सिपोराने फोन पिशवीत ठेवला आणि चेन लावली. चेन अडकली. ती पुन्हा लावली.

"बरा आहे ना? खातो ना?"

"खातो. चांगला आहे तो, फार चांगला." नोआ शब्द शोधत होती. "पण घरात जात नाही. कुठल्याच. दारापर्यंत येतो, मग राहतो बाहेर. हंपीत खोली घेतली होती, पण झोपायचा गच्चीवर. आम्ही विचारलं नाही. आमच्यातले बरेच जण काही ना काही करत नाहीत. आम्ही विचारत नाही."

मागे कुणीतरी माइकवरून सगळ्यांना गोल करायला सांगत होतं. सिपोरा त्या मुलीकडे बघत राहिली. पोरगा घरात जात नाही. का जात नाही? कुणाच्या घरांत गेला होता? बंदूक घेऊन, रात्री, आतली माणसं निजलेली असताना? नवस बोलताना तिने आपल्या पोराचा जीव मागितला होता. त्या घरांसाठी, त्यातल्या माणसांसाठी तिने काहीएक मागितलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. आजीच्या नवसात दुसऱ्यांची घरं कुठून येणार?

"माझ्याकडे नाही आला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण आवाज तिला नको होता तसा निघाला.

नोआ तिच्याकडे चमकून बघू लागली.

"तुम्ही जयनगरला राहता का?"

"हो."

"व्हरांडा आहे? तुम्ही खाली बसून नारळ... असं..." नोआने दोन्ही हातांनी खोवल्यासारखं केलं.

सिपोराने मान डोलावली.

"तो आला होता. एका सकाळी गेला होता. मी विचारलं, भेटली का आजी? तो म्हणाला, भेटली. म्हणाली, योगा शेजारच्या घरात आहे."

माइकवाला ओरडत होता, एव्हरीबडी, एव्हरीबडी.

"हसत सांगितलं त्याने," नोआ घाईघाईने म्हणाली. "रागावला नव्हता. म्हणाला, मी थँक्यू म्हटलं आणि निघालो."

सिपोरा आठवू लागली. दाढीवाले किती आले होते! एक उंच होता, एकाच्या गळ्यात माळ होती, एकाच्या काखेत गुंडाळलेली चटई. थँक्यू तर सगळेच म्हणायचे. तिने एकेकाला आठवून फाटकाशी उभं केलं. एकाचाही चेहरा दिसेना. खोबऱ्याचे हात, डोक्यावर चष्मा. तिने कुणाकडे धड बघितलंच नव्हतं.

"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे. मेसेज बघतो, उत्तर देत नाही."

"नको देऊ दे. लिही." सिपोरा थांबली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "लिही, आजी म्हणते, घरात यायची गरज नाही."

नोआने वर पाहिलं. मग फोन काढला आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या त्या अक्षरांत, आजीला प्रार्थनेपुरत्याच येणाऱ्या भाषेत, ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिपोरा कोपऱ्यावर गेली तेव्हा देवाप्पाने विचारायच्या आधीच नारळ हातात घेऊन वाजवून बघितला.

"मोम्मगा बंदना, अक्का?" नातू आला का, हा त्याचा रोजचा प्रश्न.

"बंदिद्दा," ती म्हणाली. येऊन गेला.

देवाप्पाचा हात थांबला. त्याने तो नारळ बाजूला ठेवला आणि ढिगातला दुसरा, जास्त चांगला, निवडून दिला.

घरी येऊन तिने पोहे धुऊन निथळत ठेवले. नारळ खोवला, गूळ किसला, वेलची कुटली. डब्यातले पोहे किंचित जुने झाले होते, पण भिजल्यावर कोण बघतंय. जिवंत परत येऊ दे, एवढंच तिने मागितलं होतं. माझ्याकडे येऊ दे, असं नव्हतं मागितलं. समोर बसू दे, खाऊ दे, हसू दे, रात्री अंथरुणावर झोप लागू दे, यातलं काहीच मागितलं नव्हतं. मागितलं तेवढं कधीच मिळालं होतं, आणि ही नवस थकवून नारळांची चटणी करत बसली होती. देणं देऊन टाकायला हवं.

ताट मोठं होतं, सासूचं. मधोमध पोह्यांची रास, भोवती केळी, खजूर, सफरचंद, वर गुलाबाच्या पाकळ्या, बाजूला सब्जाची डहाळी. एरवी हे घरात होतं, पुरुष बसतात, प्रार्थना चालवणारा हज्जान आशीर्वाद म्हणतो, बायका मागे उभ्या राहतात. ना हज्जान, ना पुरुष. सिपोराने ताट उचललं, व्हरांडा ओलांडला, कोपराने कडी उचलली आणि फाटकाबाहेर आली.

फुटपाथवर तिने आधीच स्टूल आणून ठेवलं होतं, त्यावर ताट ठेवलं. मग आत जाऊन दोन खुर्च्या आणल्या, एकेक करून, गुडघे सांभाळत. समोरच्या बंगल्यातल्या भार्गवी गॅलरीतून बघत होत्या.

"एनु अक्का, आज बाहेर? घरात रंगकाम आहे का?"

"घराला काय धाड भरलीय? खाली या, प्रसाद घ्या."

"येते, स्वल्प थांबा, दूध उतू जातंय!"

सिपोरा उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन म्हणायला लागली. आधी पुटपुटत. एक रिक्षा तिच्या आवाजावर हॉर्न मारून गेली, तसा तिने आवाज चढवला. फळं हातात घेऊन झाडाच्या फळांचा आशीर्वाद म्हटला, मग जमिनीच्या फळांचा. सब्जाची डहाळी हुंगली. शेवटी आमेन म्हणायला समोर कुणीतरी लागतं. तेही तिनेच म्हटलं.

मग ती एका खुर्चीवर बसली. दुसरी मोकळी होती.

ऊन झाडाखाली सरकत होतं. पोह्यांवर एक माशी आली, ती तिने पदराने हाकलली. रस्त्याच्या टोकाकडून कुणीतरी येत होतं, फोनकडे बघत, घरांचे नंबर वाचत. जवळ येऊन थांबलं. लांब केस, दाढी, काखेत चटई.

"एक्स्क्यूज मी. योगा?"

सिपोराचा हात सवयीने शेजारच्या घराकडे उचलला गेला. अर्ध्यावर थांबला. मग तोच हात डोक्याकडे गेला. तिने चष्मा काढून पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळ, भुवया, दाढीच्या आतली हनुवटी. बराच वेळ पाहिलं. तो अवघडून हसला.

तो नव्हता.

"बस," ती मराठीत म्हणाली, आणि मोकळी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.