पुठ्ठ्यावर लिहिलेली स्ट्रॉबेरी

बॅग दाराशी भरून ठेवली होती, आणि ताई तिला चार वाजता न्यायला येणार होती.

"थोडे दिवस माझ्याकडे राहा," असं ताई फोनवर म्हणाली होती. थोडे म्हणजे किती, ते ताईने सांगितलं नाही आणि हिनेही विचारलं नाही. पण बाहेर उन्हाळा नुसता भाजून काढत असताना बॅगेत स्वेटर होता, शाल होती. बॅगेची चेन लागेना, तेव्हा नवऱ्यानेच गुडघा टेकून ती लावून दिली. स्वेटर अगदी वरच होता. त्याला दिसला असणार.

तो फरशा बसवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, तीसुद्धा. लग्नाआधी थट्टेने म्हणू लागली, ते तोंडात बसलं. आठ वर्षांत मिस्त्रीने आपणहून सुट्टी घेतलेली तिला आठवत नव्हती. अडीच महिन्यांपूर्वी, सातव्या महिन्यात, पोटातलं बाळ गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तो कामावर गेला होता. हॉस्पिटलच्या खिडकीतून तिला त्याची पाठ दिसली होती. एका खांद्याला हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात डबा.

ती पाठ तेवढी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. बाकी काही दुखत नव्हतं. दिवस उगवायचा, दिवस कलायचा. हात भांडी घासायचे, हात केस विंचरायचे, आणि ती आपली लांब कुठेतरी उभी राहून त्या हातांकडे बघायची. मध्यंतरी छातीत दूध आलं होतं. तेही तिने असंच लांबून पाहिलं, शेजारणीच्या घरी पाहुणे यावेत तसं.

आज मात्र मिस्त्री घरी होता. ज्यांच्याकडे सध्या काम चालू होतं त्या बाईंनी त्याला एक गोड पदार्थ सांगितला होता, आणि त्याने तो फरशीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीने उतरवून आणला होता. ओट्यावर बिस्किटांचे तीन पुडे, क्रीम, गोड घट्ट दुधाचा डबा, काचेचं चौकोनी भांडं, आणि स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरी बारक्या होत्या, काही देठाशी पांढऱ्याच राहिलेल्या.

"ओव्हन नको, गॅस नको," तो म्हणाला. "उन्हाळ्यासाठीच आहे म्हणाल्या बाई. नुसते थरावर थर. आणि थर म्हणजे काय, आपलंच काम."

ती खुर्चीवर बसली. दुसरीकडे कुठे बसावं असं काही नव्हतं, म्हणून.

त्याने परातीत पाणी घेतलं आणि पहिल्या पुड्यातली बिस्किटं एकेक करून त्यात सोडली. मग ओट्याला टेकून, हाताची घडी घालून, पाण्याकडे टक लावून उभा राहिला. तिला माहीत होतं तो कशाची वाट बघतोय ते. कोरडी फरशी बसवली तर ती खालच्या सिमेंटच्या मालातलं पाणी पिऊन टाकते, आणि वर्षाच्या आत सुटते. म्हणून आधी भिजवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.

"थांबले बुडबुडे," तो समाधानाने म्हणाला आणि पाण्यात हात घातला. हाताला लागला तो लगदा. त्याने बोटं वर काढून बघितली, मग परातीकडे बघितलं.

इथे हसू यायला हवं, हे तिला कळलं. ती थोडी थांबलीसुद्धा त्यासाठी. आलं नाही.

"भिजवा असं लिहिलंय का पुठ्ठ्यावर?" तिने विचारलं.

"त्यात लिहायचं काय? भिजवायचीच असतात."

"फरशी."

"हो. फरशी." त्याने पुठ्ठा उचलून नाकाशी धरला. "दुधाचा नुसता हात फिरवा, असं आहे."

लगदा त्याने गुपचूप ओतून टाकला आणि दुसरा पुडा फोडला. मग स्ट्रॉबेरी चिरायला घेतल्या. सिमेंटने चिरा पडलेल्या त्याच्या बोटांत एक एक फळ असं दिसत होतं, की कुणी दगडांच्या मध्ये ठेवलंय. तीन चिरल्या, तीनही चेपल्या. तिने उठून त्याच्या हातातली सुरी घेतली. काही ठरवून नाही. हातांनी घेतली.

देठ काढायचा, उभी चिरायची, बाजूला सारायची. देठ, चीर, बाजूला. रिळावरचा धागा सुटावा तसं काम सुटत गेलं. ताटात लाल पाणी जमलं. तो बर्फाच्या भांड्यावर पातेलं ठेवून क्रीम घोटत होता. मध्येच पातेलं सरकलं म्हणून तिने धरलं, आणि तिची बोटं बर्फाला टेकली. गार आहे, हे तिला समजलं. गार लागलं नाही.

फोन वाजला. ताईच. ताईला फोनवर बोलायला फोनची गरज नव्हती, एवढा तिचा आवाज.

"निघाले गं चिमणे! चारच्या ठोक्याला येते. जेवलीस का? आणि तो मिस्त्री काय करतोय?"

"क्रीम घोटतोय. स्ट्रॉबेरीचं गोड करतोय."

"कोण? अगं बाई! मागच्या खेपेला त्याचा चहा प्यायले तर चमचा उभा राहत होता कपात. नीट बघ, सिमेंट घालेल त्यात!"

"ताईंना सांग," तो घोटता घोटता म्हणाला, "त्यांच्या बाथरूमची फरशी सहा वर्षांत तसूभर हलली नाही."

"त्याला म्हणावं फरशी चाटायची नसते! ठेवते गं. तयार राहा."

तिने फोन ओट्यावर ठेवला.

त्याने थर लावायला घेतले. आधी बिस्किटं, दुधाचा हात फिरवून, दोन बिस्किटांमध्ये काडीएवढी जागा सोडून. ही जागा सोडायची असं काही पुठ्ठ्यावर नव्हतं, पण त्याच्या हाताला त्याशिवाय जमत नव्हतं. त्यावर क्रीम. क्रीम पसरायला त्याने नवी कोरी थापी आणली होती, दोनदा साबणाने धुतलेली. मग तिने चिरलेल्या फोडी, एकावर एक येणार नाहीत अशा. मग पुन्हा बिस्किटं. पुन्हा क्रीम.

वरचा थर झाल्यावर त्याने हत्यारांच्या पिशवीतून फरशीचा उतार बघायची पाणसळ काढली, पुसली आणि भांड्याच्या काठांवर आडवी ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा डावीकडे पळाला. ओटाच उताराला होता. त्याने पुठ्ठ्याचा एक कोपरा फाडला, दुमडला, भांड्याखाली सारला. बुडबुडा मध्याकडे आला, पण पुरता नाही. त्याने घडी काढली, आणखी एकदा दुमडली.

"कोण बघणार आहे?" ती म्हणाली. "खायचंच तर आहे."

तो थांबला. पाणसळीवरचा हात तसाच राहिला.

"त्या दिवशी मी गेलो ना कामावर," तो म्हणाला.

तिने सुरी खाली ठेवली.

"तिथे एक खोली बसवली. सकाळपासून दुपारपर्यंत. अख्खी खोली. मालकाने पाणी ओतून बघितलं, तर पाणी सगळं दाराकडे यायच्याऐवजी भिंतीशी जाऊन बसलं. पाणसळ पिशवीत होती. काढलीच नव्हती मी. सगळी उखडली मग. एकशे दहा फरशा. हातांनी उखडल्या."

"मला नाही सांगितलंस."

"काय सांगू? तुझं एवढं झालेलं, आणि मी फरशीचं रडगाणं सांगू?"

"गेलास कशाला?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला झोपू द्या. घरी आलो, तर घरात बसवेना. पाळण्यासाठी मी भिंतीला खुणा केलेल्या होत्या. पिशवी उचलून परत हॉस्पिटलपर्यंत आलो, आणि दारातूनच वळलो." त्याने पाणसळ उचलून ओट्यावर ठेवली. "दुसरीकडे कुठे जायचं असतं, मला माहीत नव्हतं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज आला, थांबला, परत आला. तिने भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं, कारण क्रीम सैल व्हायला लागलं होतं. दार लावलं. मग फ्रिजकडेच तोंड करून उभी राहिली.

इतके दिवस एक वाक्य तिच्या जिभेखाली होतं. ते विचारलं की मग सगळं खरं होणार, म्हणून विचारलं नव्हतं. जायच्या आधी विचारलं नाही तर आता कधीच विचारणार नाही, हेही तिला कळत होतं. ताईकडे गेलं, की तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं काही. ताईने बाळाला पाहिलं नव्हतं. हिने स्वतः पाहिलं नव्हतं. हिला भूल दिलेली होती, आणि शुद्ध येईपर्यंत सगळं उरकलं होतं.

जगात एकानेच पाहिलं होतं.

"तू हातात घेतलंस तिला?" तिने विचारलं.

"घेतलं."

"किती वेळ?"

"नर्स नको म्हणेपर्यंत."

तो खुर्चीवर बसला. हातावर क्रीम होतं, ते त्याने पुसलं नाही. "तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला नकोय."

"तू सांगितलं नाहीस. मला वाटलं, तू विसरलास."

"विसरतोय कसला, वेडे."

बेल वाजली. ताई नेहमीसारखी दार उघडायच्या आधीच बोलत आत आली. "काय हे ऊन! चल गं, गाडी खाली उभी आहे, ड्रायव्हर आधीच कुरकुरतोय. बॅग ही का? एवढीशी? मिस्त्री, हात धू जरा, तुझा नुसता पुतळा झालाय." मग तिने दोघांकडे पाहिलं आणि तिचा आवाज अर्ध्यातच थांबला. "काय झालं?"

"ताई, गाडी परत पाठव."

"अगं, पण..."

"मी नाही येत."

"आज नाही, की येतच नाहीस?"

"ते माहीत नाही. आज नाही." स्वतःचा आवाज तिला सपाट ऐकू आला, दुकानात जिन्नस सांगावेत तसा. डोळे कोरडे होते. छातीत काही हललं नाही. फक्त पाय जागचे निघत नव्हते, एवढंच. "तो सांगतोय. ती कशी होती ते."

ताई दारातच उभी राहिली. मग तिने पर्समधून फोन काढला, ड्रायव्हरला दोन शब्द सांगितले, आणि तिसरी खुर्ची ओढून ती बसली. चप्पलसुद्धा काढली नाही.

मिस्त्रीने दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले, थोडे जवळ, थोडं अंतर राखून. त्या अंतरात काय होतं ते तिघांनाही दिसलं.

"एवढी," तो म्हणाला. "केस होते. दाट. ओले. कपाळावर चिकटलेले." त्याने तिच्या कानाकडे पाहिलं. "कान तुझे. कानाची पाळी गालाला चिकटलेली असते ना तुझी, तशी."

तिने आपल्या कानाला हात लावला. बोटं बर्फासारखी गार होती, आणि आता ती गार लागली.

"पुढे," ती म्हणाली.