चुलीखालची चरवी

केसाएवढी भेग. चुलीच्या डाव्या अंगाला, बाजूची लहान वैल जिथं चुलीला चिकटते त्या सांध्यात – काल नव्हती. की कालही होती आणि आपल्याच डोळ्यांना दिसली नाही… नीलम्मानं बोट पाण्यात बुडवलं आणि भेगेवरून फिरवलं. माती गरम होती. रात्रीचा विस्तव राखेखाली अजून जिवंत होता, आणि तो तसाच जिवंत ठेवायचा हेच तर तिचं काम होतं. बोट मागं घेतलं, तर भेग होती तिथंच, ओली झाल्यामुळं जरा जास्तच उठून दिसणारी. मेले, तुला आत्ताच फुटायचं होतं का, नीलम्मा तिला म्हणाली. हल्ली ती असं वस्तूंशी बोलायची. माणसं हद्दीपलीकडे वऱ्हाडात गेल्यापासून घरात बोलायला दुसरं होतं तरी कोण.

नव्या मातीची चूल ओळखू येते. वालूरमधल्या कुठल्याही बाईनं ह्या स्वैपाकघरात डोकावलं असतं तर तिनं पहिल्यांदा हेच विचारलं असतं, की आक्का, वैशाखात चूल का घातली नवी? म्हणून ती लवकर काळी व्हायला हवी होती. जुनी चूल बसवंतरावानं – तिच्या भाच्यानं – स्वतः पहारीनं फोडली होती, खाली हातभर खणून पितळी चरवी आत उतरवली होती, वर फरशीचा तुकडा, त्यावर माती. आणि मग तो बाजूला सरला, कारण चूल घालणं हे बायकांचं काम आणि ह्या घरात नीलम्मासारखी चूल घालणारं कुणी नव्हतं. तिनं घोड्याची लीद आणि भुसा कालवून माती तुडवली. जीव लावून चूल घातली. बसवंतराव उंबऱ्यात उभा राहून बघत होता. "पेटत्या चुलीखाली कुणी खणत न्हाई, आत्या," तो म्हणाला. "दोन्ही वखताला जाळ ऱ्हाऊ द्या. घराचं सगळं तुमच्या हवाली करून चाललोय. कुणी इचारलं, घरात काय हाय, तर काईच न्हाई म्हणायचं. रिकामं घर हाय म्हणायचं."

मग शेजारच्या मुंजाजीच्या गाडीत बसून ते सगळे गेले. रझाकारांच्या धास्तीनं गावातली निम्मी बरी घरं अशीच निजामाच्या हद्दीपलीकडे गेली होती, कुणी लोणारला, कुणी वाशीमला. गाडीत जागा नव्हती. म्हणजे, पोरं बसली, बसवंतरावाची बायको चन्नबसम्मा बसली, गाद्या, भांडी, डाळीचं पोतं बसलं, आणि मग जागा उरली नाही.

सगळं तुमच्या हवाली… हे वाक्य नीलम्मा सकाळी उठल्या उठल्या एकदा मनात म्हणून घ्यायची. कपाळाला विभूती लावायच्या आधी. न्हातीधुती व्हायच्या आधीच नवरा गेला आणि ती ह्या घरी परत आली, तेव्हापासून ह्या घराची एकही किल्ली तिच्या कमरेला लागली नव्हती. भावाच्या राज्यात वहिनीच्या, वहिनी गेल्यावर सुनेच्या. मला काय करायची होती किल्ली? मला कुणी काही कमी केलं नाही, असं ती लोकांना सांगायची आणि ते खोटंही नव्हतं. पण आता, ह्या उतारवयात, घराचं सगळं तिच्या हवाली झालं होतं, आणि ते वाक्य मनात म्हटलं की पाठ जरा सरळ व्हायची.

तिनं पऱ्हाट्यांचा कवळा मोडून चुलीत सारला, फुंकणी घातली. जाळ उठला. तिच्या हाताला मोठ्या घराची सवय. एका माणसापुरता जाळ कसा करायचा ते त्या हातांना ठाऊकच नव्हतं. एक भाकरी झाली की चूल नुसतीच जळत राहायची, म्हणून ती वर पाण्याचा हंडा चढवायची. पाणी खदखदायचं. कुणाच्या आंघोळीचं? कुणाच्याच नाही. मग ते निवलं की परसातल्या बेलाच्या बुंध्याशी ओतून यायचं आणि संध्याकाळी पुन्हा चढवायचं.

किती असेल चरवीत? हे तिनं विचारलं नव्हतं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. धोंडप्पा, तिचा भाऊ, असता तर त्यानंही सांगितलं नसतं, पण त्याचं माप तिला ठाऊक होतं. पारावर बापे बसले, की घरात किती शिल्लक असावी ह्यावर त्यांचं जुंपायचं – कुणी म्हणायचा लेकीच्या लग्नापुरती, कुणी म्हणायचा एक बैलजोडी मेली तर दुसरी घेता यावी इतकी, आणि व्यंकटराव देशमुख म्हणायचे की शिल्लक आहे हे कुणाला कळू नये इतकी. धोंडप्पा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन ताटावर बसला की म्हणायचा, "नीले, घरात इतकं असावं की झोप लागावी. त्याच्यापरीस जास्ती झालं की बी झोप उडती." आणि खरंच, तो असा झोपायचा की पावसात ओसरी गळली तरी उठायचा नाही. तिला नेहमी वाटायचं की आपणही त्याला एकदा विचारावं – दादा, माझ्या झोपेपुरतं किती? पण असं कुणी विचारतं का. तिनं आपलं स्वतःच केलं होतं काय ते. उतरंडीच्या अगदी तळच्या मडक्यात, हुलग्यांच्या खाली, तिची एक कापडी चंची होती, आणि तिच्यात तिच्या मातीच्या खर्चापुरते रुपये होते: विभूती, मीठ, नवं पांढरं लुगडं, जंगमाची दक्षिणा. बसवून पुरताना कुणी भाच्याच्या तोंडाकडं बघू नये, एवढंच. तेवढं जमलं त्या वर्षापासून तिला झोप बरी लागायला लागली होती.

"आक्का, इस्तू देता का?"

तानुबाई. मुंजाजीची बायको, परसाला परस लागून. हातात खापरी घेऊन ती मागच्या दारातून आत आली आणि नीलम्मा घाईनं चुलीच्या डाव्या अंगाला सरकून बसली, भेगेवर पदर येईल अशी.

"ये. कधी आला गं मुंजाजी?"

"काल दिवस मावळता आले. लय दमलेत, झोपलेत अजून." तानुबाईनं खापरी पुढं केली, पण निखारा घेऊनही ती उठली नाही. "आक्का, एक इचारू का? तुमच्या घरी पाव्हणे हायेत का?"

"पाव्हणे? कुठले?"

"न्हाई… दोन्ही वखताला लगनघरावानी धूर निघायलाय तुमचा. चावडीवर लोक बोलायलेत. कुणी म्हणतंय बसवंतराव माघारी आलेत, कुणी म्हणतंय माणसं लपवून ठिवलीत. आमचे म्हणले, आक्काला सांग जाऊन. एका भाकरीला एवढा जाळ कामून?"

नीलम्मानं हंड्याकडं पाहिलं. पाणी खदखदत होतं. असं कसं आपल्या ध्यानात आलं नाही! धूर घराबाहेर जातो, गावाला दिसतो, ही काय शिकवायची गोष्ट होती? पण त्यानं म्हटलं जाळ राहू द्या आणि मी जाळत बसले, अंगावर पन्नास माणसांचा स्वैपाक असल्यागत… "म्हातारीला थंडी वाजती," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. वैशाखात. तानुबाई हसली नाही, हे तिचं भलेपण.

"पोचले ना सुखरूप?"

"पोचले की. वाशीमला घर घेतलंय भाड्यानं, चांगलं माडीचं हाय म्हणं. बसवंतरावांनी कलदार मोजून दिला घरमालकाला. तिकडं आपलं निजामाचं हाली कुणी हातात धरीत न्हाई, आक्का. आमच्या ह्यांनी च्याला हाली रुपया काढला, तर च्यावाला म्हणला, तुमचा चारमिनार तुमच्यापाशीच ठिवा."

"माझं काही इचारलं का बसवंतानं?"

"इचारलं की." तानुबाईनं खापरीतल्या निखाऱ्यावर फुंकर घातली. "चूल पेटती हाय का म्हून इचारलं."

"आणखी?"

तानुबाईला आठवत असावं, निदान तिनं आठवून पाहिलं. "न्हाई बगा. एवढंच. दोनदा इचारलं म्हणं पर."

ती गेली. मागच्या दारातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि त्यात धूर फिरत होता. नीलम्मानं हंडा उतरवला. पऱ्हाट्या चुलीतून मागं ओढल्या, त्या बाहेर धुमसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी आलं – धुरानं, धुरानंच. हाली कुणी हातात धरीत नाही… हे तर तिला माहीत होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणूनच तर बसवंतराव जायच्या आधी सारखा सेलूच्या सराफाकडं खेपा घालत होता, जाताना थैलीत चारमिनारचे रुपये आणि येताना इंग्रज राजाच्या मुखड्याचे. ते कलदार चन्नबसम्मानं गोधडीत शिवले. तिचे तोडे आणि पुतळ्यांची माळसुद्धा गोधडीत शिवली. सुई ओवून कोणी दिली? मीच दिली. तिच्यापेक्षा माझी नजर अजून बरी.

मग चरवीत काय ठेवलं?

हा प्रश्न इतक्या दिवसांत तिच्या मनात आला नव्हता असं नाही. तो उंबऱ्यापर्यंत यायचा आणि ती त्याला सगळं तुमच्या हवाली म्हणून परत लावायची. आज तो आत येऊन बसला. आणि त्याच्या मागोमाग ती दुपार आली – बसवंतराव सेलूहून शेवटचा आला ती – जिला तिनं इतके दिवस नीट पाहिलं नव्हतं.

ती उतरंडीपाशी होती. गाठोडं बांधून झालं होतं तिचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. एक लुगडं, जपाची माळ, विभूतीची वडी. वाशीमला जायचं तर आपली चंचीही भाच्याला देऊन बदलून घ्यावी, परमुलखात मरण आलं तर हालीत कोण पुरेल, म्हणून तिनं वरची मडकी उतरवली होती आणि तळच्या मडक्यात हुलग्यांमधून कोपरापर्यंत हात घातला होता. बोटांना चंचीची नाडी लागली होती. ओसरीवर बसवंतराव बोलत होता, दमलेला, पाणी पीत:

"बट्टा लय वाढलाय. ऱ्हायलेलं हाली बदलून हातात काई येत न्हाई. ऱ्हाऊ द्या इथंच. गेलं तर गेलं."

आणि चन्नबसम्मा म्हणाली, "आन् आत्याबाई?"

"त्याबी ऱ्हातेत की हितंच. म्हाताऱ्या माणसाला कोण काय करतंय."

एवढंच. आवाजात राग नव्हता, कपट नव्हतं. पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. नीलम्मानं हात बाहेर काढला, हुलगे कोपराला चिकटले होते ते झटकले, मडकी पुन्हा एकावर एक चढवली आणि गाठोडं सोडून लुगडं दांडीवर टाकलं. संध्याकाळी चूल घालताना त्यानं सगळं तुमच्या हवाली म्हटलं तेव्हा तिला इतका आनंद झाला, की दुपारचं ते ऐकलंच नव्हतं असं तिनं ठरवून टाकलं. आनंदच झाला होता. तो काही खोटा नव्हता. ह्याच हातांनी त्याला न्हाऊ घातलं, पहिला घास भरवला. जाताना त्यानं वाकून पाय शिवले, वर्षाची ज्वारी कणगीत आहे म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले होते, हेही तिनं पाहिलं होतं. तो वाईट नाही. तो हिशेबी आहे, त्याच्या बापासारखा. झोप लागेल इतकं त्यानं बरोबर नेलं. जे गेलं तरी झोप उडणार नाही, ते घरी ठेवलं.

ते. आणि मी.

नीलम्मानं चिमट्यानं निखाऱ्यांवर राख ओढली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते दुसरंच काही – एवढ्या मोठ्या घरात आपण एकट्या आहोत हे तिला आत्ता कळलं. इतके दिवस ती चरवीबरोबर राहत होती. तिच्या शेजारी अंथरूण टाकत होती, तिच्यासाठी उठत होती, तिला ऊब देत होती, आणि आता चरवी म्हणजे नुसते चारमिनारचे रुपये झाले आणि घरातलं ते दुसरं माणूस निघून गेलं. मला खूप एकटं वाटायलंय, दादा, ती मोठ्यानं म्हणाली. धोंडप्पा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. गल्लीतून एक शेळी ओरडत गेली.

उन्हं कलली तसं तिला भूक लागली. ह्या वेळेला ती पऱ्हाट्यांचा कवळा आणायची. आज ती तशीच परसात गेली. बेलाखाली तीन धोंडे होते, कधीकाळी धुण्याचं पाणी तापवायचे. ते तिनं जवळजवळ सरकवले, जवळ, आणखी जवळ, लहानसा तवा बसेल इतके. आतल्या चुलीतला शेवटचा निखारा चिमट्यानं आणून मध्ये ठेवला, वर बोटाएवढ्या काटक्या. जाळ लागला. चिमूटभर. धूर वर गेला तो बेलाच्या पानांतच विरला, घराच्या छपरापर्यंतसुद्धा पोचला नाही. एक भाकरी भाजून झाली आणि जाळही तेवढाच होता, भाकरीबरोबर संपला. जन्मात पहिल्यांदा तिनं आपल्या एकटीपुरती चूल मांडली होती, आणि ती मांडायला काही लागलं नव्हतं.

भाकरी खाऊन ती आत आली. मोठी चूल गार होत चालली होती. सवयीनं तिनं भेगेवरून बोट फिरवलं. एक होती तिथं आता दोन होत्या, दुसरी खाली जमिनीकडं निघालेली. लिंपायला हवी होती. माती भिजवायला ती उठली, अर्ध्यावर थांबली, आणि थांबल्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही. उद्या लिंपेन. किंवा लिंपणार नाही. उतरंडीच्या तळाशी आपली चंची आहे, तीही हालीच. वाशीमला चालणार नाही, पण माती तर इथलीच मिळायची आहे, तिला इथलं चालेल.

चुलीशेजारचं अंथरूण गुंडाळून तिनं ओसरीवर आणलं. दिवस पुरता मावळला नव्हता. रस्त्यानं माणसं जात होती, त्यांतलं एखादं चावडीवरून येऊन दारात उभं राहणार होतं, आज नाही तर उद्या, आणि विचारणार होतं, की म्हातारे, घरात काय हाय? काईच न्हाई. रिकामं घर हाय… तिनं ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. इतके दिवस पाठ होतं ते, पण आज जिभेवर बसेना. मग तिनं दुसरं म्हणून पाहिलं, आधी मनात, मग जरा मोठ्यानं, दाराकडं तोंड करून, जसं कुणी खरंच येऊन उभं आहे.

"मी हाय की."